खिडकीबाहेरचे सर

"ज्याला आजवर विजेचा शॉक बसलेला नाही, त्यानं हात वर करा."

सरांनी आमच्या वर्गात उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. नाव सांगितलं नाही, विषय सांगितला नाही, हजेरीही घेतली नाही. विद्युत शाखेचा वर्ग होता, सांगलीतलं कॉलेज. मुलं एकमेकांकडं बघून हसायला लागली. कुणाला इस्त्रीचा बसलेला, कुणाला रेडिओ उघडताना बसलेला. मी हात वर केला. हात माझा एकटीचाच होता आणि वर्गात मुलगीही मी एकटीच होते, त्यामुळं सगळ्यांनी वळून बघितलं.

"का नाही बसला?" सरांनी असं विचारलं, की जणू देवीची लस टोचून घ्यायची माझी राहून गेली होती.

"सर, आमच्या घरी वीज नाही."

"गाव?"

"म्हसवड."

"म्हसवडात वीज आहे."

"गावात आहे सर. आम्ही मळ्यात राहतो."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू पहिल्या बाकावर ये. ज्यांना एकदा बसून गेलाय ते म्हणतात, त्यात काय होतंय. तुला अजून तसं वाटायला लागलेलं नाही."

अशी मी पहिल्या बाकावर आले, ती शेवटच्या वर्षापर्यंत तिथंच राहिले.

सर मूळचे आष्ट्याचे. घरची उसाची शेती भाऊ बघत आणि थोरला भाऊ पलटणीत होता. त्या घरातून शिकायला म्हणून बाहेर पडलेले हे पहिलेच. पांढरा शर्ट, खाकी पँट, पायांत रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट. उन्हाळा असो, लग्न असो, बूट तेच. शिकवायचे इंग्रजीत, आणि तेही इतकं घोटीव की वही भरून घेतली तर पुस्तक विकत घ्यायची गरज पडू नये. पण प्रयोगशाळेत कुणाचा हात चुकून स्विचबोर्डाकडं गेला, की इंग्रजी जागच्या जागी संपायचं आणि आष्टा बाहेर यायचं. "आरं ए! हात काढ हात! मरायचंय का काय रं तुला?" त्या आवाजानं शेजारच्या इमारतीतल्या सिव्हिलच्या मुलांचे हातही थांबत, असं आम्ही म्हणायचो.

प्रयोगशाळेच्या दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. आत शिरताना घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं त्या डब्यात टाकायचं. सरांची स्वतःची लग्नातली अंगठी सगळ्यांत आधी त्यात पडायची. माझी पाळी आली तेव्हा सरांनी माझ्या हातांकडं बघितलं. कानातली काढून ठेवली होती, पण बांगड्या होत्या. आईनं निघताना बजावलं होतं, काही झालं तरी हात भुंडे ठेवायचे नाहीत.

"कशाच्या आहेत?"

"काचेच्या."

"राहू देत. काच आपल्या बाजूची आहे."

दुसरा प्रश्न खिशाचा आला. सरांचा दंडक असा, की चालू मशीनजवळ काम करताना डावा हात पँटच्या खिशात. दोन्ही हात तारांजवळ गेले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून जाते आणि वाटेत काळीज लागतं. मुलांनी मुकाट्यानं हात खिशात घातले. मी साडीत. सर विचारात पडले. त्या आठवड्यात त्यांनी मला नुसतं बघायला लावलं, आणि पुढच्या सोमवारी कागदात गुंडाळलेला एक निळा एप्रन आणून दिला. डावीकडं भला मोठा खिसा. "आमच्या घरात शिवलाय," एवढंच म्हणाले. म्हणजे काकूंनी. त्यांचा शिवणाचा हात असा होता, की शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी त्या खिशाची शिवण उसवली नाही.

पण सरांचा खरा नियम वेगळाच होता. भिंतीवर पुठ्ठ्यावर त्यांनी तो स्वतःच्या हातानं ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता. मशीनला हात लावण्याआधी एकानं पुरवठा बंद करून मोठ्यानं म्हणायचं, "बंद आहे." मग दुसऱ्यानं तपासदिवा लावून, स्वतः बघून म्हणायचं, "बंद आहे, मी बघितलं." तपासदिवा म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब आणि त्याला दोन वायरी. बल्ब पेटला तर वीज आहे, नाही पेटला तर नाही. न बघता जो हात लावेल, त्याला महिनाभर प्रयोगशाळा बंद.

हा नियम पाळणं सोपं वाटतं. पण समोरचा मित्र आहे, तो सांगतोय बंद आहे, आणि आपण त्याच्या तोंडावर दिवा काढून तपासायचं, हे आमच्यातल्या कित्येकांना जड जायचं. सर मुद्दाम खोडी काढत. स्वतः स्विच पाडून म्हणत, "बंद आहे. हं, चल, काढ वायर." पोरगं बिचारं सरांनीच सांगितलं म्हणून हात पुढं करी आणि लाकडी पट्टी मनगटावर बसे.

"का लावलास हात?"

"सर, तुम्ही म्हणालात म्हणून..."

"मी कोण?"

पोरगं मनगट चोळत राही.

"मी कोण लागून गेलो? मला काय तारेतलं दिसतं? सर म्हणाले म्हणून, साहेब म्हणाले म्हणून, बाप म्हणाला म्हणून, यानं तारेला काही फरक पडत नाही. तू बघितलंस का? मग बंद आहे म्हणू नकोस."

'सर म्हणाले म्हणून' हे आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यांत मोठं पाप होतं. गंमत अशी, की त्या काळात कॉलेजात, घरात, कुठंही आम्हांला याच्या बरोबर उलटं शिकवत होते.

तोंडी परीक्षेत ते मशीनच्या एखाद्या अंगाबद्दल असं काही विचारत की उत्तर येणंच शक्य नाही. मुलं ठोकून देत. एखादा घाबरत म्हणे, "माहीत नाही सर, बघून सांगतो." की सर खूश. त्याला वाटे आपण गेलो, आणि निकालात त्याचेच गुण वर.

कॉलेजबाहेरही त्यांचं हेच. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले, तर सगळे वऱ्हाडी मांडवात बसलेत आणि सर मांडवाच्या खांबाशी उभे राहून वर बघतायत. लाइटिंगवाल्यानं जोड उघडेच ठेवले होते. सरांनी शिडी मागवली, खिशातून चिकटपट्टी काढली आणि एकेक जोड गुंडाळायला लागले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी उतरेनात. शेवटी अक्षता त्यांच्याही डोक्यावर पडल्या, शिडीवर. यजमान रागावले होते. काकू मात्र खालून शांतपणे शिडी धरून उभ्या होत्या, भरजरी लुगड्यात. त्यांना सवय असावी.

माझे वडील फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. भावकीचं न ऐकता त्यांनी मला सांगलीला धाडलं होतं, पण आतून त्यांनाही धाकधूक होती. एकदा ते मला भेटायला आले तेव्हा सरांपुढं उभे राहून, जवळजवळ सलाम ठोकत म्हणाले, "सर, एकच इचारतो. आमच्या पोरीला खांबावर न्हाई न्हवं चढवनार?"

सर म्हणाले, "ते मी कसं सांगू? पण चढलीच तर धड खाली येईल, एवढं शिकवून सोडतो."

वडिलांना ते उत्तर पटलं. परत जाताना म्हणाले, "मानूस सरळ हाय. आमच्या सुभेदारासारखा. थोडा तिरकस हाय, पर सरळ."

मग दुष्काळ पडला. पाऊस दोन वर्षं हुलकावणी देत होता, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या माणदेशापासून तिकडं कवठे महांकाळपर्यंत माती नुसती उडत होती. जिथं थोडंफार पाणी होतं त्या सार्वजनिक विहिरींवर मोटारी बसवल्या होत्या, आणि त्या सारख्या बिघडायच्या. सर रविवारी दोघा-तिघा विद्यार्थ्यांना घेऊन एसटीनं निघत, गावोगावच्या मोटारी दुरुस्त करत आणि संध्याकाळी परत येत. कुणी सांगितलेलं नव्हतं. "मशीन शिकायचंय ना? मग जिथं बिघडलंय तिथं चला," एवढंच कारण.

त्या रविवारी आम्ही कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत गेलो. मी आणि वर्गातला जयवंत. विहिरीच्या काठावर पत्र्याची लहानशी खोली, तिच्यात मोटार. हात लावला की मोटारीच्या अंगाला शॉक येतो म्हणून गावानं ती बंद ठेवलेली. बाहेर उन्हात घागरींची रांग. बायका फुफाट्यात बसलेल्या. आम्ही दिसलो तशा उठून उभ्या राहिल्या.

एक म्हातारी पुढं आली. "आवं मास्तर, कवा चालू हुयाची ही? सकाळधरनं घशाला कोरड पडलीया पोरांच्या."

"होईल आजी. बघतो."

"बघताय बघताय, ते मागच्या येळंला आलेलं बी बघूनच गेलं."

ते सरांना लागलं असावं. त्यांनी भरभर बूट काढले, कारण खोलीतली जमीन ओली होती आणि त्यांना बूट खराब करायचे नव्हते. हे त्यांच्याकडून व्हायला नको होतं. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. भिंतीवरच्या लोखंडी पेटीतल्या मेन स्विचचा दांडा त्यांनी खाली ओढला, मोटारीजवळ उकिडवे बसले, झाकण काढलं आणि पाना घेऊन नटाकडं हात नेला.

"बंद आहे," ते म्हणाले.

मी पिशवीतून तपासदिवा काढत होते. "सर, थांबा. मी बघितलं नाही."

"मी सांगतोय ना!" सर ओरडले. "बाहेर बायका उन्हात उभ्या आहेत."

ते वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. जयवंतनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, जाऊ दे. पण दोन वर्षं मनगटावर पट्ट्या खाल्ल्या होत्या, हाताला ती सवयच लागली होती. मी एक वायर मोटारीच्या अंगाला लावली आणि दुसरी सरांचा पाना टेकणार होता त्या नटाला.

बल्बमधली तार लाल झाली. पूर्ण पेटली नाही, चुलीतल्या निखाऱ्यासारखी नुसती धगधगली.

सरांनी हात मागं घेतला. पाना त्यांच्या हातातून पडला आणि ते तसेच मागं ओल्या जमिनीवर बसले.

नंतर जयवंतनं पेटी उघडून बघितलं. दांडा खाली आला होता, पण आतल्या तीन पात्यांपैकी एक दांड्यापासून तुटून तिथंच अडकून राहिलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला स्विच बंद, आतून एक तार जिवंत.

सर उठले. बूट घातले. खांबावरचे फ्यूज काढायला लावले, मला दिवा लावायला सांगितला, "बघितलं?" विचारलं, मी "बघितलं" म्हटल्यावर कामाला लागले. दुपार कलायच्या आत पाणी आलं. म्हातारीनं सरांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तिला आत काय झालं त्याचा पत्ता नव्हता. येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. मिरज येईपर्यंत बाहेर बघत होते.

सोमवारी आम्ही प्रयोगशाळेत गेलो, तर दाराबाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली स्टूल टाकून सर बसलेले.

"आत जा," ते म्हणाले. "मला महिनाभर आत यायचं नाही."

आम्हांला आधी कळेचना. मग त्यांनी खिडकीतून सगळ्या वर्गाला रविवारची हकिगत सांगितली. आपण बूट काढले तेही सांगितलं, ओरडलो तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "नियम भिंतीवर आहे. चला, पहिला प्रयोग."

आणि सर खरंच महिनाभर खिडकीतून शिकवत राहिले. खिडकीच्या गजांतून त्यांचं अर्धं तोंड दिसे. मशीन चालू झालं की घरघरीत त्यांचा आवाज बुडायचा, मग आम्ही आकडे ओरडून सांगायचो आणि ते व्हरांड्यातून ओरडून चुका काढायचे. येणारेजाणारे थांबत. सिव्हिलचे एक प्राध्यापक म्हणाले, "काय, उपोषणाला बसलात की काय?" सर म्हणाले, "नाही, जेवून आलोय."

प्राचार्य स्वतः आले. जरा बाजूला घेऊन, पण आम्हांला ऐकू येईल इतक्या जोरात म्हणाले, "हा तमाशा पुरे. आत जा. नियम विद्यार्थ्यांसाठी असतो."

"नियमात प्राध्यापक सोडून, असं लिहिलेलं नाही."

"लिहिलंय तुम्हीच ना? मग बदला."

"आता कसा बदलू?" सर म्हणाले.

प्राचार्य कपाळाला आठ्या घालून निघून गेले. पुढं विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली ती सरांना मिळाली नाही. तिचा याच्याशी संबंध होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मुलं म्हणायची, होता.

मी मात्र आतून कासावीस होते. एकदा सगळे गेल्यावर खिडकीशी जाऊन म्हटलं, "सर, या ना आत. मला फार अवघड वाटतं."

"तुला का अवघड वाटावं? तू बघितलंस."

"पण तुमच्यावाचून जमत नाही."

"ते बघूच," ते म्हणाले.

त्याच महिन्यात आमचा तो प्रयोग आला, ज्याची सगळे वाट बघत असत. चालू असलेल्या जनित्राला दुसरं जनित्र जोडायचं. दोघांच्या मध्ये तीन दिवे लावलेले असतात. दोन्ही यंत्रं एका चालीत येऊ लागली की ते दिवे सगळे मिळून हळूहळू उजळतात, हळूहळू विझतात, पुन्हा उजळतात, श्वास घेतल्यासारखे. पूर्ण अंधार होईल त्या क्षणी स्विच मारायचा. जरा पुढंमागं झालं तर मशीन असा हिसका देतं की पाया हादरतो. दरवर्षी सर शेजारी उभे राहत आणि "मार!" म्हणत. त्या वर्षी स्विचवर माझा हात होता आणि सर भिंतीपलीकडं.

दिवे उजळले, विझले. मी ओरडले, "सर, आता मारू?"

"मला इथून दिवे दिसत नाहीत," बाहेरून आवाज आला. "तूच ठरव."

दिवे पुन्हा उजळले, मावळले, लाल झाले, काळे झाले. मी स्विच मारला. काहीच झालं नाही. हिसका नाही, आवाज नाही, दोन्ही यंत्रं एकच असल्यासारखी फिरत राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीत बघितलं तर सर तिथं नव्हते. स्टुलावरून उठून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाठमोरे उभे होते.

महिना संपल्यावर ते आत आले. डब्यात अंगठी टाकली. मशीनपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "बघ." मी दिवा लावून म्हटलं, "बंद आहे, मी बघितलं." त्यांनी हात पुढं केला, मग मागं घेतला. "परत बघ." मी परत बघितलं. "परत." मागं कुणीतरी फिसकन हसलं. आम्हांला वाटलं, सर धडा देतायत, संशय कसा घ्यायचा ते करून दाखवतायत. चौथ्यांदा त्यांनी हात टेकवला आणि ठेवून दिला.

शिक्षण संपलं. मला वीजखात्यात नोकरी लागली, साताऱ्याच्या पूर्व भागातल्या एका सबस्टेशनवर. लाइनमन लोकांना बाई साहेब म्हणून नवीन होती. पहिले काही महिने ते माझ्याशी बोलताना माझ्या मागच्या भिंतीकडं बघायचे. त्यांतल्या तुकारामनं मला आधी स्वीकारलं. चाळिशीतला, काटक, खांबावर असा चढायचा की जणू घराचा जिना. तो 'बाई' म्हणायला लागला तसे बाकीचेही म्हणायला लागले.

नोकरीला काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका खांबावरून दोन लाइनी जात होत्या. त्यांतली एक बंद करून घेतली होती. मी खाली उभी होते. विचारलं, "तुकाराम, बघितलं का?" तो म्हणाला, "व्हय बाई," आणि चढला. वर त्याचा हात दुसऱ्या लाइनीकडं गेला. फट्ट असा आवाज झाला. कमरेच्या पट्ट्यावर तो लोंबकळत राहिला. आम्ही उतरवला तेव्हा जीव होता, पण उजवा हात कोळशासारखा झालेला.

त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात हलवलं. खात्याची चौकशी लागली. वरच्या साहेबांनी मला बजावलं, चौकशी संपेपर्यंत त्याला भेटायला जाऊ नका, उद्या कुणी म्हणेल बाई त्याला काहीतरी पढवायला गेल्या होत्या. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. सबस्टेशनच्या आवारात पाऊल टाकलं की ट्रान्सफॉर्मरचा तो घुमणारा आवाज, जो मला आवडायचा, तो ऐकून मला पुढं जाववेना. मी फाटकापाशी उभी राहून कागदांवर सह्या करायची आणि परत फिरायची. शेवटी रजा टाकली. राजीनाम्याचा विचार मनात पक्का होत आला होता. त्याआधी एकदा सरांना सांगावं म्हणून आष्ट्याची एसटी धरली. ते निवृत्त होऊन गावी गेले होते.

दुपारची वेळ होती. सर शेताकडं गेले होते. काकू सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, शेंगा फोडता फोडता सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "काकू, सरांचा केवढा धीर होता. एवढं मरणाच्या दारातून आले, तरी दुसऱ्या दिवशी नियम आठवून बाहेर बसले. माझ्यात तसं काही नाही."

काकूंचा हात थांबला.

"कसला नियम, बाई?" त्या म्हणाल्या. "आवं, त्यांना आत जायला भ्या वाटत हुतं."

"सरांना?" मी म्हटलं.

"त्या रविवारी आले आन् घरातलं बटान बी दाबंनात. दिवा मी लावायचा, मी घालवायचा. मी म्हनलं रजा टाका. तर म्हनले, रजा टाकली तर परत जायाचं हुनार न्हाई. मग म्हनले, नियम हाय न्हवं, मी भाईर बसतो. म्हंजे पोरं बी समोर ऱ्हात्यात आन् मशिनीला हात बी लावाय लागत न्हाई. महिनाभर रोज सांजच्याला इचारायची, आज जाताय का आत? न्हाई म्हनायचे. शेवटच्या दिवशी गेले. घरला आले, अंगातला सदरा पिळून काढावा असा भिजल्याला."

दारात सावली पडली. सर उभे होते, पाय ओले, हातात खुरपं. केव्हा आले कळलं नव्हतं.

"सांगितलंस व्हय तिला?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"बरं झालं." त्यांनी खुरपं कोपऱ्यात ठेवलं. "मला सांगायचं हुतं. कवा जमलं न्हाई."

माझ्याशी ते रागात नसताना आष्ट्याच्या बोलीत पहिल्यांदाच बोलत होते. माझ्यासमोर पाटावर बसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तर हात करून थांबवलं. बरंचसं दारातच ऐकलं होतं त्यांनी.

"सर, तुम्ही परत आत कसे गेलात?"

"तू उभी हुतीस शेजारी. सारखी बघत हुतीस. तुला कळत न्हवतं, पर म्या तुझ्या भरवशावर हात ठेवला." मग म्हणाले, "तो माणूस कसा हाय?"

"ठीक आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"साहेब. भेटायची मनाई आहे, सर. चौकशी चालू आहे."

"चौकशी साहेबांची हाय. माणूस तुझा हाय." ते म्हणाले. "आधी त्याला भेट जा. राजीनामा काय, तो उद्या बी देता येतोय."

काकूंनी चहा टाकला. सर मग उसाबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिले. निघताना स्टँडवर सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत उभे होते. ती आमची शेवटची भेट. पुढं त्यांचं पत्र यायचं अधूनमधून, चार ओळींचं. नंतर काकूंच्या भाच्याचं आलं, तेव्हा सर गेलेले होते.

मी आष्ट्याहून सरळ साताऱ्याला गेले. तुकाराम वॉर्डात भिंतीला टेकून बसला होता. हाताचं मोठं गाठोडं बांधलेलं. मला बघून उठायला लागला.

"बसा, बसा."

"बाई, लय दिवस वाट बघितली." त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "हाताचं काय हुनार ते मला कोन सांगंना. मी इचारलं की म्हनत्यात बघू. तुमी डाक्टरला इचारा की. तुमाला सांगत्याल."

मी जाऊन विचारलं. डॉक्टर घाईत होते, पण मी इंजिनिअर आहे, माझा माणूस आहे म्हटल्यावर थांबले. परत येताना वॉर्डाच्या दारात माझेही पाय अडले. मग गेले आणि त्याच्या खाटेवर बसले.

"हात राहतोय, तुकाराम. दोन बोटं काढावी लागतील."

"कंची?"

मी माझ्या हातावर दाखवली.

"म्हंजे खांब बंद."

"हो. खांब बंद. बोर्डावर बसून काम करता येईल. मी मांडते तुमचं."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात गावाकडून कुणाबरोबर तरी डबा आला. बायको पोरांसाठी गावी गेली होती. मी डबा उघडला. भाकरी आणि आमटी. एका हातानं भाकरी मोडेना, म्हणून मी ती घेतली, आमटीत बारीक कुस्करली आणि ताटली त्याच्या मांडीवर ठेवली. तो आधी लाजला. मग डाव्या हातानं घास उचलला, अर्धा सांडला, अर्धा तोंडात गेला.

दोन-तीन घास खाऊन झाल्यावर ताटलीतच बघत तो म्हणाला, "बाई, माज्या जागी आता तो नवा लागल्याला आनंदा चढंल. पोर चांगलं हाय. पर धसमुसळं हाय जरा." त्यानं मान वर केली. "तो चढंल तवा खाली तुमी उभ्या ऱ्हावा."

"राहते," मी म्हटलं.